एकाहत्तर म्हणजे एकाहत्तर

हेडक्लार्कसाहेबांना अभिमान वाटावा अशी आयुष्यात एकच गोष्ट होती. लग्नाच्या दिवशी त्यांचं वजन एकाहत्तर किलो होतं आणि बावीस वर्षांनंतरही ते एकाहत्तरच होतं. (पदाचंही तसंच होतं, पण त्याचा उल्लेख ते टाळत.) बायको मात्र एकसष्टवरून चौऱ्याहत्तरवर गेली होती, आणि ही आकडेवारी ते पाहुण्यांसमोर न चुकता सादर करत.

त्यामुळे सोमवारी सकाळी राखाडी पॅन्टचा हुक काही केल्या लागेना, तेव्हा दोष कुणाचा याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. महिन्यातली ही तिसरी पॅन्ट! ऑफिसला जाता जाता लॉन्ड्रीवाल्याला दोन शब्द सुनावायचे, एवढंच त्यांनी ठरवलं.

"तुम्ही कपडे आटवता!" पॅन्ट काउंटरवर आपटत ते म्हणाले.

"साहेब, कापड आटतं ते पहिल्या धुण्यात. ही सहा वर्षं माझ्याकडे येतेय. तिला आत्ताच काय सुचलं?"

"माझं वजन एकाहत्तर आहे. एकाहत्तर म्हणजे एकाहत्तर!"

लॉन्ड्रीवाल्याने इस्त्री उभी ठेवली, बाहेर आला आणि साहेबांच्या शर्टाचा खांदा चिमटीत धरला. चांगलं चार बोटं कापड हातात आलं.

"मग हा सैल कसा झाला? पॅन्ट आटवायची आणि शर्ट वाढवायचा, एवढी कला असती तर मी इथे इस्त्री करत बसलो असतो?"

मागे उभी असलेली दोन माणसं फिसकन हसली. त्यातली एक त्यांच्याच ऑफिसातली टायपिस्ट होती.

संध्याकाळी साहेब तडक मेहुणीच्या दवाखान्यात गेले. ती फिजिओथेरपिस्ट, अंगातला स्नायू किती, चरबी किती, हे सांगणारं मशीन तिच्याकडे होतं. साक्षीदार म्हणून बायकोलाही नेलं. (इथे ते चुकले.) दोघंही आळीपाळीने मशीनवर उभी राहिली.

"भावोजी, वजन तेवढंच आहे, पण आतला माल बदललाय," कागद बघत मेहुणी म्हणाली. "सहा-सात किलो स्नायू गेला असेल, तेवढीच चरबी आली. किलोला किलो बरोबर! पण स्नायू थोड्या जागेत मावतो, चरबी ऐसपैस बसते."

"आणि हिचं?" त्यांनी शेवटची आशा धरली.

"ताई तीन किलोंनी जड आहे, पण चरबी तुमच्यापेक्षा कमी. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रोज तीन जिने चढते ना ती."

बायकोने तो कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. तेच त्यांना जास्त लागलं.

चार दिवस साहेब पलंगावर पडून पोटात बोट खुपसून बघत होते. बावीस वर्षं आपण आकडा सांभाळत बसलो आणि माणूस कधी निसटला ते कळलंही नाही, या विचाराने त्यांना जेवण जाईना. (दुसऱ्यांदा वाढलेलं, निदान.) शेवटी रविवारी, बायको बाहेर गेल्यावर, स्नायू परत आणायला त्यांनी झोपायच्या खोलीतलं लोखंडी कपाट एकट्याने सरकवायला घेतलं.

कपाट वीतभर सरकलं. मागून रेटावं म्हणून पोट आत ओढून ते फटीत शिरले आणि दम लागला म्हणून श्वास सोडला. पोट भिंतीला आणि पाठ कपाटाला चिकटली. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

अर्ध्या तासाने बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला.

"अहो, कुठे आहात?"

"कपाटामागे."

"काय करताय तिथे?"

"व्यायाम," ते क्षीण आवाजात म्हणाले.

बायकोने फटीत डोकावून पाहिलं आणि निघून गेली. आता ही शेजाऱ्यांना बोलावते की काय, या धास्तीने त्यांनी डोळे मिटले. ती परत आली आणि काहीतरी आत सरकवलं. झाडू होता.

"तिथे आहातच तर वरची जळमटं काढा. मग कपाट ओढते मी."

त्यांनी मुकाट्याने झाडू घेतला, उचलला, पण हात खांद्याच्या वर जाईना.

"राहू द्या," ती समजुतीने म्हणाली, "खालचीच काढा."