दोन टनी इडियाप्पम

शांताराम चुरी यांनी आयुष्यात तीन गोष्टी कधीच केल्या नव्हत्या. माघार, चौकशी आणि स्वयंपाक. पैकी तिसरी त्यांनी परवाच्या रविवारी केली, आणि पहिल्या दोन न केल्यामुळे बोईसरला भूकंप झाला!

तसा भूकंप आमच्याकडे नवा नाही. डहाणू-तलासरीकडची जमीन गेली काही वर्षं अधूनमधून कूस बदलते. तिचा धक्का बोईसरला कधी पोचतो, कधी नुसतीच बातमी पोचते. लोक भांडी वाजली की खाली उतरतात, अंगणात चहा होतो, आणि भांडी पुन्हा वाजली नाहीत की वर जातात. पण तांदळाच्या पिठाने झालेला भूकंप हा पहिलाच.

सुरुवात गुरुवारी संध्याकाळी झाली. सागरदर्शन सोसायटीच्या अंगणात थॉमससाहेबांच्या निरोपसमारंभाची सभा भरली होती. (सागरदर्शनातून सागर दिसत नाही. एमआयडीसीच्या चिमण्या दिसतात. पण चिमणीदर्शन नावाने फ्लॅट विकला जात नाही.) थॉमससाहेब रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. चौतीस वर्षं बोईसरला काढून आता ते केरळला मुलाकडे निघाले होते, कायमचे आणि एकटे. त्यांच्या बायको आलियम्मा गेल्या वर्षी गेल्या.

सेक्रेटरी कमलेश म्हणाला, "समोसा, वेफर आणि एक पेढा. काय साहेब, चालेल ना?"

"काहीही चालेल रे," थॉमससाहेब म्हणाले. मग जरा थांबून हसले. "आलियम्माचं इडियाप्पम असतं तर गोष्ट वेगळी."

सगळ्यांना तो डबा आठवला. दर रविवारी सकाळी आलियम्मांकडून घरोघरी डबा यायचा. त्यात तांदळाच्या वाफवलेल्या शेवयांची पांढरीशुभ्र घरटी, केसासारख्या बारीक धाग्यांची, आणि वाटीत गोड नारळाचं दूध. शांताराम गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने पडून होते, तेव्हा तर तो डबा आठवड्यातून दोनदा यायचा.

शांताराम उठून उभे राहिले.

"साहेब, रविवारी तुम्ही इडियाप्पम खाऊनच गाडीत बसायचं. मी करणार!"

"तुम्ही म्हणजे मंदाकाकी ना?" पहिल्या मजल्यावरच्या स्वातीने विचारलं.

"मी म्हणजे मी! तीस वर्षं फिटर होतो. पन्नास टनी प्रेस चालवलाय. भोकातून पीठ बाहेर काढायचं, त्यात काय शास्त्र?"

घरी आल्यावर मंदाने फक्त एवढंच विचारलं, "अहो, तुमाला चहा तरी करता येतो का?"

"चहाला प्रेस लागत नाही," शांताराम म्हणाले, आणि विषय संपला.

रविवारी सकाळी सात वाजता त्यांनी ओट्याचा ताबा घेतला. परातीत दोन किलो तांदळाचं पीठ ओतलं, मीठ टाकलं आणि नळाखाली तांब्या धरला.

मंदा माकुणसारची. तांदळाची भाकरी थापत लहानाची मोठी झालेली. तिला राहवेना.

"अहो, गार पाणी नका घालू! तांदळाचं पीठ हाय ते. पाणी उकळा, उकड काढा. मोदकाला काढतो तशी."

"मोदक गणपतीचे. हे केरळचं. यांचा काय संबंध?"

"भाकरीला पन गरमच पानी लागतं!"

"मंदा, तू गॅलरीत बस. सुपरवायझर डोक्यावर असला की काम बिघडतं."

मंदा गॅलरीत जाऊन बसली. चौतीस वर्षांच्या संसारात तिने एक धडा घेतला होता. नवरा आणि प्रेशर कुकर, दोघांनाही शिट्टी होईपर्यंत हात लावायचा नाही.

गार पाण्याने तांदळाचं पीठ जे होतं तेच झालं. आधी वाळू, मग शाडू, मग सिमेंट. शांतारामांनी ते पितळी सोऱ्यात ठासलं, बारीक भोकांची चकती लावली आणि दट्ट्या दाबला. काही नाही. उभं राहून दाबला. काही नाही. सोऱ्या जमिनीवर ठेवून त्यावर बसले. तेव्हा चकतीतून एक धागा बाहेर आला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि तुटून पडला.

दुसऱ्या कुणाच्या मनात आलं असतं की पीठ चुकलं. शांतारामांच्या मनात आलं की दाब कमी पडतोय.

ते खाली गेले आणि गाडीच्या डिकीतून जॅक घेऊन आले. हायड्रॉलिक, दोन टनी!

रचना मात्र देखणी होती, हे शत्रूही मान्य करील. ओट्याच्या खाली लादीवर दोन विटा, विटांवर सोऱ्या, सोऱ्याच्या दट्ट्यावर जॅक, आणि जॅकचं डोकं वर ओट्याच्या कडाप्प्याला टेकलेलं. दांडा मारला की जॅक वर जाणार. वर कडाप्पा, म्हणजे जाणार कुठे? दट्ट्या खाली उतरणार! बारीक भोकांनी आधीच मान टाकली होती म्हणून त्यांनी जाड शेवेची चकती बसवली आणि दांडा मारला.

आणि इडियाप्पम आलं! हळूहळू, कुरकुरत, चार नंबरच्या खिळ्याएवढं जाड, पण आलं! शांताराम "हां, ये, ये" म्हणत त्याला वाटीत गोल गोल झेलत राहिले. चार वेळा सोऱ्या भरला, अठरा घरटी झाली. ती त्यांनी मोदकपात्रात रचून पलीकडच्या भिंतीकडे टेबलावर असलेल्या शेगडीवर वाफेला ठेवली, शेजारी विकत आणलेल्या नारळाच्या दुधाचा कडीचा डबा. पाचव्यांदा सोऱ्या भरला तोवर पीठ आणखी आळलं होतं. दांडा जड लागला. शांतारामांनी पाय रोवले.

"नाय म्हणतोस? मला नाय म्हणतोस?"

आणि त्यांनी अंगातला सगळा चुरी दांड्यावर टाकला.

धडाम!

कडाप्प्याचे दोन तुकडे झाले. त्यावरचा कळशी-हंड्यांचा मनोरा, दोन पराती आणि ताटांची चळत सगळी लादीवर आली. बरोब्बर खाली स्वातीच्या घरात पंखा हलला, देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजली, आणि स्वाती जिन्यात धावत किंचाळली, "भूकंप! भूकंप! खाली उतरा!"

पुढच्या दीड मिनिटात सागरदर्शन रिकामं झालं. मंदाने स्वयंपाकघरात शिरून, ओट्याकडे न पाहताच, नवऱ्याचा दंड धरला आणि ओढत खाली नेलं. आणि खरं सांगायचं तर शांतारामही मुकाट्याने उतरले. कारण जॅक बरोबर, रचना बरोबर, हिशेब बरोबर. मग ओटा फुटला कशाने? भूकंपानेच! ऐन वेळी झाला, एवढंच.

अंगणात त्यांनी छाती पुढे काढून साक्ष दिली. "माझा अख्खा ओटा गेला! डोळ्यांदेखत! आधी जमिनीतून घरघर आली, मग असा उभा हिसका."

"उभा?" कमलेशने मोबाईलवर लिहून घेतलं. "उभा म्हणजे डेंजर."

तोवर ग्रुपवर गावोगावच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. 'सरावलीला जाणवला.' 'पास्थळला कपाटाचं दार उघडलं.' 'चिंचणीला सौम्य.' एकाच्या मांजराला तर पहाटेच कळलं होतं. कुणीतरी आकडाही टाकला, तीन पॉइंट आठ. पालघरच्या एका काकांना तो कमी वाटला, त्यांनी चार पॉइंट एक केला.

एवढ्यात फाटकातून जमना आत आली. जमना सातपाटीची, रविवारी सागरदर्शनला मासळी घालते. तिने टोपली खाली ठेवली.

"काय गो, सगली खाली कशाला उभी? लग्न हाय का?"

"भूकंप झाला ना!" स्वाती म्हणाली.

"कवा?"

"आत्ताच! दहा मिनिटांपूर्वी!"

"दहा मिन्टांआधी मी या फाटकाभायेर पापलेट मोजत होते. माजे पायाला कसा नाय कलला? जमीन काय मानसं बघून हलते?"

कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. फक्त शांतारामांनी पायाखालच्या जमिनीकडे एकदा चोरून पाहिलं.

तेवढ्यात जिन्यातून थॉमससाहेब उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात एक बॅग, बगलेत आलियम्मांचा फोटो कागदात गुंडाळलेला. साडेदहाला टॅक्सी येणार होती, दुपारी वसईहून गाडी. घड्याळात दहाला दहा कमी होते.

कमलेशने हात वर केले. "ऐका! दोन तास कुणीही वर जायचं नाही. दुसरा धक्का येऊ शकतो. साहेब, सॉरी, नाश्ता कॅन्सल."

"हरकत नाही," थॉमससाहेब म्हणाले. "चुरी, तू बोललास ना, तेच पोटभर झालं."

हे वाक्य ऐकलं आणि शांतारामांना एकदम दोन गोष्टी आठवल्या. दिलेला शब्द आणि चालू राहिलेली शेगडी.

"थांबा!" ते ओरडले. "मला वर जायचंय. भूकंप झालाच नाही!"

"काका, आत्ता तुम्हीच तर उभा हिसका सांगितलात!"

"तो मी होतो!"

"काय?"

"तो हिसका मीच होतो! जॅक लावून इडियाप्पम दाबत होतो. कडाप्पा तुटला. बोईसरचा भूकंप मी केलाय!"

कमलेश दमून हसला.

"काका, मागच्या वर्षी बंद पडलेली लिफ्ट तुम्ही चालू केलीत. नंतर कळलं, लाइट आली होती. गणपतीत पाऊस तुम्ही थांबवलात. आता भूकंपपण तुम्हीच केलात?"

"अहो, पास्थळला जाणवलाय!" स्वाती म्हणाली. "तुमचं इडियाप्पम काय पास्थळपर्यंत जातं?"

शांताराम मंदाकडे वळले. "मंदा, तू सांग!"

"मी काय सांगू? मला तुमी गॅलरीत बसवलेलं."

मदतीला आली ती जमना. टोपलीवरचं फडकं सारखं करत ती म्हणाली, "गो बायांनो, या चुरीभाऊचे तोंडाकडे बगा. भुवयांपरेंत पीठ हाय. भूकंपात मानसाला धूल लागते. पीठ कवा लागलेला बघितलाव?"

कमलेश जिन्याच्या तोंडाशी आडवा उभा राहिला. "काहीही असो. वर काही झालं तर जबाबदार कोण?"

"लिही तुझ्या मोबाईलवर!" शांताराम गरजले. "शांताराम चुरी मेला तर इडियाप्पमासाठी मेला! कुणाची तक्रार नाय!"

आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने ते दोन जिने असे चढले की खालच्यांना खरोखरच कंप जाणवला.

स्वयंपाकघरात धूर होता. पात्रातलं पाणी संपून तळ काळा पडला होता. शांतारामांनी गॅस बंद केला, हंडे-कळश्या ओलांडल्या, दोन फडक्यांत मोदकपात्र धरलं, नारळाच्या दुधाचा डबा कडीने मनगटाला अडकवला आणि विजयी सैन्यासारखे खाली उतरले.

झाकण निघालं. आत अठरा वस्तू होत्या. अंगणातल्या साठ माणसांनी त्या पाहिल्या आणि अचानक बऱ्याच जणांना उपास निघाला. कोणत्या देवाचा, ते काहींचं ठरायचं होतं. कमलेशने एक उचलून लोखंडी बाकावर ठेवलं. आवाज आला.

शांतारामांनी कुणाकडे पाहिलं नाही. दोन इडियाप्पम बशीत ठेवली, त्यांवर नारळाचं दूध ओतलं (ते आत शिरलं नाही, वरून घरंगळून गेलं) आणि बशी थॉमससाहेबांसमोर धरली.

"साहेब, शब्द दिला होता."

थॉमससाहेब बाकावर बसले. फोटो शेजारी ठेवला. बोटांनी एक तुकडा मोडायला गेले, मोडेना. तेव्हा अख्खंच दाताखाली धरलं आणि चावू लागले. टॅक्सी येऊन उभी राहिली तरी चावत होते. पहिलं संपलं. दुसरं उचललं. अंगणात फक्त त्यांच्या जबड्याचा आवाज येत होता. दुसरंही संपलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"चुरी," ते म्हणाले, "अगदी आलियम्माच्या हातचं."

शांतारामांची छाती एवढी फुगली की शर्टाचं वरचं बटण तुटलं. "ऐकलंत? ऐकलंस कमलेश? अगदी आलियम्माच्या हातचं!"

"तिचंही अस्संच व्हायचं," थॉमससाहेब म्हणाले. "चौतीस वर्षं. एकदासुद्धा जमलं नाही तिला."

"अं?"

"तुमच्याकडे डबा यायचा ना, तो स्टेशनाजवळच्या मेसचा. सकाळी सहाला मी स्कूटरवरून आणायचो. ती म्हणायची, सांगू नका कुणाला, सोसायटीत इज्जत आहे. घरी केलेलं आम्ही दोघंच खायचो. दार लावून."

ते उठले. शांतारामांना त्यांनी असं घट्ट जवळ घेतलं की पांढऱ्या शर्टावर पिठाचे पंजे उमटले. मग स्वतःच्या हाताने सहा इडियाप्पम कागदात बांधून घेतली. प्रवासात नासणार नाहीत याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

टॅक्सी गेली. कमलेश अजून ग्रुपवर भिंतींच्या भेगांचे फोटो मागवत होता. त्यातल्या बऱ्याच भेगा बिल्डिंगहून जुन्या होत्या. जमनाने मंदाला पापलेट दिलं आणि ताज्या भूकंपाबद्दल एक बोंबील वर घातला.

शांताराम मोदकपात्र घेऊन वर आले. फुटलेल्या ओट्यासमोर पाट मांडून बसले. ताठ. पराभवाची एक रेषा चेहऱ्यावर नाही.

"ऐकलंस ना मंदा? अस्सल घरगुती चव म्हणाले साहेब. मेसवाल्याला जन्मात जमणार नाही."

"ऐकलं," मंदा म्हणाली. तिने लादीवरून दोन ताटल्या उचलून पुसल्या, पात्रातली दोन इडियाप्पम त्यांत वाढली आणि समोर बसली. "खा आता. मीपन खाते."

शांतारामांनी इडियाप्पम उचललं, तोंडाजवळ नेलं, वास घेतला आणि पुन्हा खाली ठेवलं.

"मंदा," ते जरा हळू आवाजात म्हणाले, "आधी दार लाव."