मंगलेची रक्ततपासणी

आमच्या चिंचणीत जास्वंदीचं फूल देवाला वाहण्याआधी सरड्याला विचारणारा माणूस एकच, बाळू राऊत. म्हणजे खरंच विचारतो. "मंगले, लाल खातेस का पिवळं?" मंगला डोळे मिटते. मग बाळू लाल फूल चुरडून तिच्यापुढे धरतो. उरलं तर देवाचं नशीब.

मंगला म्हणजे इग्वाना. परदेशी सरडा, हिरवागार, शेपटीसकट माझ्या काठीएवढा लांब. बाळूच्या वाडीतल्या खोलीत तारापूरच्या कारखान्यातला एक इंजिनिअर भाड्याने राहायचा. त्याची बदली झाली, तेव्हा तो गादी, बादली आणि मंगला मागे ठेवून गेला. गावाला आधी वाटलं घोरपड. "फॉरेस्टवाले धरून नेतील तुला," असं जो तो सांगायला लागला. बाळू प्रत्येकाला आत नेऊन मंगलेच्या गालावरचा मोठा गोल खवला दाखवायचा. "घोरपडीला असा असतो का? नाय ना? मग? जीव हाय तो, टाकून देऊ?" 'जीव हाय तो' हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर.

मी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. एकाच कारखान्यात चिकटलो, एकदमच निवृत्त झालो. त्याने लग्न केलं नाही, मी केलं, एवढाच काय तो फरक. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर चहा आणि भांडण, हा आमचा नेम. मंगला आली आणि माझी खुर्ची गेली. खरोखरच गेली हो! तिथे ऊन चांगलं येतं म्हणून ती मंगलेला दिली, मला पायरी. नुसता जळफळाट झाला माझा. साठी उलटलेल्या माणसाने सरड्यावर जळावं, शोभतं का? नाही शोभत. पण जळलो.

एकदा न राहवून म्हणालो, "बाळ्या, हल्ली मला तहान फार लागते रे. चक्कर पण येते."

"हं," तो भोपळा किसत म्हणाला. "सद्या, हिची बोटं बघ. थरथरतात. कॅल्शियम कमी झालं असंल."

"माझी पण थरथरतात!"

"तू च्या कमी पी."

अर्धा चहा तसाच टाकून मी घरी आलो. बायकोला म्हटलं, पुढच्या जन्मी मला शेपूट मिळू दे म्हणून देवाला सांग. ती म्हणाली, "आधी या जन्मातलं रक्त तपासून घ्या." मी विषय बदलला. सुई दिसली की माझे पाय गळतात, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

चार दिवसांनी बाळूचं फर्मान आलं. "उद्या सकाळी पालघरला चल. मंगलेचं रक्त काढायचं हाय. शेपूट धरायला भरवशाचा माणूस पायजे."

भरवशाचा! तेवढ्यावर विरघळलो मी. लाज म्हणून नाही मला.

"पण उपाशी ये. च्या पण नाय. धरणाऱ्याच्या हाताला खाण्याचा वास आला तर ती वळवळते. सुई मोडंल."

मुकाट्याने उपाशी निघालो. चिकूच्या टोपलीत मंगला, तिच्या अंगावर बाळूचा स्वेटर, आणि थंडीने कुडकुडणारा मी. बोईसरला गरम वड्यांचा घमघमाट आला. बाळूने रिक्षा थांबूच दिली नाही.

पालघरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. शेपटीच्या खालच्या बाजूने शीर जाते, तिथून अगदी थोडं रक्त घ्यायचं, असं त्यांनी समजावलं. बाळूने मंगलेला टेबलावर धरलं. मी शेपूट धरून भिंतीकडे तोंड केलं. बाळूचा हात असा घट्ट, की मंगलेने हूं की चूं केलं नाही. नळीत जरासं रक्त आलं, झालं काम.

"सकाळी काही खाल्लं का हिने?" बाईंनी विचारलं.

"खाल्लं ना. शेवग्याचा पाला, भोपळा, दोन जास्वंदी."

माझं डोकंच सणकलं. "हिला न्याहारी? आणि मी उपाशी?"

"तुम्ही कशाला उपाशी राहिलात?" बाई गोंधळल्या. "धरणाऱ्याने खाल्लं तर काही बिघडत नाही."

बाळू टोपली बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "माहीत हाय मला."

बाहेर पडल्याबरोबर त्याने माझा दंड धरला आणि रस्ता ओलांडला. समोर माणसांचं रक्त तपासायची लॅब. मी उलटा फिरलो, पण रिकाम्या पोटी काय जोर असणार?

"तहान लागते, चक्कर येते, सांगितलंस ना? मी काय बहिरा हाय?" बाळू मला ओढत म्हणाला. "सरळ बोलावलं असतं तर आला असतास?"

नसतो आलो.

मला खुर्चीत बसवलं, मंगलेची टोपली माझ्या पायाशी ठेवली. तिथल्या मुलीने दंडाला रबर आवळलं. बाळूने माझं मनगट धरलं आणि स्वतःच तोंड फिरवलं. मघाशी मंगलेला धरणारा तोच हात आता थरथर कापत होता.

"आजोबा, तुम्ही हलवू नका त्यांना," मुलगी म्हणाली.

"अरे बाळ्या, सुई मला टोचतायत, तुला नाही!"

"गप ऱ्हा." तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "तुला काय झालं तर मी भांडू कोणाशी? मंगला बोलते का?"