लिफ्टमधली तक्रार

कर्वेनगरातल्या एका सोसायटीने ठराव केला होता की तक्रार इंग्रजीतच करावी. मराठीत तक्रार भांडणासारखी वाटते, असं सर्वांचं मत पडलं. अशुद्ध तक्रारीमुळे सोसायटीचं हसं होऊ नये म्हणून एक शुद्धी उपसमितीही नेमली गेली. चूक आढळल्यास तक्रार नोंदली जाणार नव्हती. या ठरावाला अनुमोदन रंगनाथरावांनी दिलं होतं, तेही उभं राहून.

तेच रंगनाथराव रविवारी सकाळी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकले. हातात मंडईतली मेथी, पोटात तिथेच प्यालेला उसाचा रस. एक पिऊन भागलं नव्हतं, आग्रहाने दुसराही घेतला होता, आणि आता त्या दोन्ही ग्लासांना बाहेर पडायची घाई झाली होती.

त्यांनी घाईघाईत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "आय ॲम स्टक्ड इन लिफ्ट. प्लीज ओपन."

लगेच उत्तर आलं. सेक्रेटरी नम्रताताईंनी 'स्टक्ड'भोवती लाल गोल काढून पाठवला होता. खाली लिहिलं होतं, दुरुस्तीसह पुन्हा सादर करावे. त्याला अकरा जणांनी अंगठे दिले. कुणीतरी फुलांचं 'शुभ सकाळ'ही टाकलं.

रंगनाथरावांनी दुरुस्ती केली. तेवढ्यात दाराच्या फटीतून अध्यक्ष उत्तरेश्वर माने यांचा आवाज आला.

"रंगनाथराव, आहात ना आत?"

"जाणार कुठे? अहो, दार उघडा आधी!"

"उघडतो की, किल्ली हातातच आहे. पण तक्रार अजून नोंदली गेलेली नाही. नोंद नसताना उघडलं तर ते अनधिकृत उघडणं होईल."

"स्टक केलं ना मी!"

"ते झालं हो. आता 'लिफ्ट'च्या आधी 'द' हवा की नको, यावर उपसमितीत दोन तट पडलेत. नम्रताताई म्हणतात हवा. शंभूरावांचा मुलगा अमेरिकेत असतो, तो म्हणतो की मुळात ती लिफ्टच नाही, एलेव्हेटर आहे."

"माने, मला जायचंय हो!"

"कुठे?"

"तिकडे!"

"मग तेही तक्रारीत यायला हवं. पण जरा सभ्य इंग्रजीत. ग्रुपवर बायकामाणसं आहेत."

रंगनाथराव एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत सभ्य शब्द शोधू लागले. बराच वेळ सापडेना. सापडला तेव्हा त्याचं स्पेलिंग येईना. ग्रुपवर 'द'साठी मतदान सुरू झालं होतं. शेवटी त्यांनी सगळी लाजलज्जा सोडून मराठीत लिहिलं, "मेलो! उघडा रे!"

उत्तर आलं, "कृपया भांडू नका."

यथावकाश 'द' बहुमताने मंजूर झाला, तक्रार नोंदली गेली आणि मान्यांनी दार उघडलं. रंगनाथरावांना आता कसलीच घाई नव्हती. मेथीची पिशवी पुढे धरून, कुणाकडे न बघता, ते जिन्याने घरी गेले. जिन्यावर लोकांनी मात्र त्यांच्या सुधारित वाक्याचं तोंडभरून कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये इंग्रजी सूचना लागली: सदस्यांनी लिफ्ट ओली करू नये. रंगनाथरावांच्या पत्नी कौशल्याबाई ती वाचून रडकुंडीला आल्या.

"अहो, आता तोंड कसं दाखवायचं लोकांना? चला, आपण मांजरी गावी माझ्या ताईंकडे राहायला जाऊ."

रंगनाथराव चष्मा लावून सूचनेकडे टक लावून बघत होते. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, जायचं काय? दुसऱ्या ओळीत चूक आहे बघ! नम्रताताईंची चूक!" असं म्हणून त्यांनी फोटो काढला, लाल गोल काढला आणि ग्रुपवर टाकला. कालपासून पहिल्यांदाच त्यांना भूक लागली.

हसताय? हसा. पण त्यांचा पहिला मेसेज वाचल्यावर तुम्ही काय केलंत, ते आठवून बघा. दार उघडायला तर नक्कीच धावला नव्हतात.