विश्वासरावांचे चार आकडे

प्रिय ईरा आणि नचिकेत,

मागच्या उन्हाळ्यात तुम्ही पुण्याहून इथे ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आलात, तेव्हा विचारलं होतंत, "आज्जी, शेजारचे काका घास घ्यायच्या आधी आकडे का मोजतात?" मी म्हटलं, "सवय." ते उत्तर अर्धवट होतं. विश्वासराव जानेवारीत गेले. आता पूर्ण उत्तर माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, म्हणून लिहिते.

ते सगळ्याच्या आधी मोजत. वन, टू, थ्री, फोर, मग बेल दाबत. गाडी रिव्हर्स घेताना, औषधाची गोळी गिळताना तेच. गणपतीच्या आरतीला ताम्हन हातात घेऊन आम्ही थांबायचो, त्यांचं 'फोर' झालं की सुरुवात. "ठेका सुटायला नको," हे पालुपद. माझ्या कुकरलाही सोडलं नाही. "वहिनी, तिसरी शिट्टी लेट आहे."

साठच्या दशकात ते ह्यूस्टनला इंजिनिअरिंग शिकायला आले आणि वर्गातल्या तीन अमेरिकन मुलांच्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवू लागले. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली. गाणारा डॅनी, तो त्यांना 'विश' म्हणायचा. तो "वन, टू, थ्री, फोर" म्हणणार आणि 'फोर'नंतर लगेच विश्वासरावांनी मोठ्या ड्रमवर ठोका द्यायचा, असं ठरलेलं.

तो ड्रम पायाने वाजतो. वाद्याला पाय लागला की नमस्कार करायचा, हे आपल्या घरातलं वळण. तालमीत ते कसंबसं आवरायचे. रेकॉर्डिंगच्या दिवशी घाबरून, 'टू'लाच पाय हलका टेकला. हात आपोआप ड्रमकडे आणि कपाळाकडे गेला. ठोका उशिरा पडला. स्टुडिओची खोली संध्याकाळी दुसऱ्यांना द्यायची होती, म्हणून तेच बाजारात आलं. रेडिओवर दोनदा लागलं आणि विसरलं गेलं. पुढे डॅनीला सैन्यात बोलावलं. व्हिएतनामहून तो परत आला नाही. त्याचा आवाज तेवढा विश्वासरावांकडच्या एका तबकडीत राहिला.

तुमचे बाबा म्हणाले होते, "काका, सीडी करून देतो."

"नको. तुम्ही आयटीवाले माझी चूक दुरुस्त कराल."

दोन हजार पाच साली वादळाची सूचना आली आणि सगळं गाव डॅलसच्या रस्त्याला लागलं. विश्वासराव आमच्या गाडीत होते. पासपोर्ट विसरले, तबकडी मांडीवर. पेट्रोल पुरावं म्हणून एसी बंद. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. दुपारी पुढची गाडी बंद पडली. आत एक म्हातारी बाई एकटीच. चारपाच जण ढकलायला उतरले, पण प्रत्येकाचा जोर वेगळ्या वेळी.

"अहो, तुम्ही कशाला? बसा," तुमचे आजोबा म्हणाले.

"ठेका नाहीये त्यांना," असं म्हणून विश्वासराव उतरले. वन, टू, थ्री, फोर. सगळ्यांनी एकदम रेटलं आणि गाडी कडेला गेली. त्या बाईला पाणी देऊन हसत परत आले. तबकडी सीटवर उन्हात राहिली होती. तिची कड पापडासारखी वळली होती. डॅलसपुढच्या फ्रिस्कोपर्यंत त्यांनी एकदाही आकडे मोजले नाहीत.

वादळ दुसरीकडेच वळलं. परत आलो तर त्यांच्या अंगणातली कुंडीसुद्धा हलली नव्हती.

त्यांनी तबकडी लावली. मी समोर होते. सुई कडेवरून घसरली. डॅनीचे आकडे गेले होते, बरंचसं गाणंही.

"वहिनी, त्या 'फोर'नंतर मी वेळेवर आलो नाही," ते म्हणाले. "तेव्हापासून रोज प्रयत्न करतोय."

मी चहा ठेवला. कप समोर आला तेव्हा त्यांनी मोजलं, अगदी हळू, आणि घोट घेतला.

तबकडी आता माझ्या कपाटात, साड्यांखाली सपाट ठेवली आहे. सुरुवात लागत नाही. अगदी शेवटी, गाणं संपल्यावर, एक मुलगा हसतो आणि विचारतो, "डन प्रेइंग, विश?" तेवढं स्वच्छ ऐकू येतं.

तुमची आज्जी