हिंमतनाना कार्डाची चाल बघतात

नवं ग्राफिक्स कार्ड खोक्यातून निघालं, की हिंमतनाना आधी त्याचा वास घेतात. मग त्याच्या पंख्यांपुढे तळहात धरून म्हणतात, "नाकपुड्या मोठ्या शेतस. याले दम लागत नही."

नाना माझे सारंगखेड्यातले शेजारी. वय सदुसष्ट, तापीकाठी केळी आणि ऊस. भाचा शहाद्याला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. गेममधली चित्रं खरीखुरी दाखवणारं महागडं कार्ड आलं की ते चार दिवस नानांकडे येतं, कारण नानांनी पास केल्याशिवाय तिकडची गेम खेळणारी पोरं खिशात हात घालत नाहीत. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून कार्ड बसवणं आणि नानांच्या परीक्षणाचा मोबाइलवर व्हिडिओ घेणं माझ्या गळ्यात पडलंय.

पूर्वी यात्रेच्या बाजारात घोडा घेताना लोक नानांना पुढे करायचे. दात, अंगावरचे भोवरे, चाल, सगळं ते एका फेरीत सांगत. तीच विद्या त्यांनी इकडे आणली. वीज जास्त ओढणारं कार्ड खादाड. गरम होणारं आजारी. रंगीबेरंगी दिवे लावलेलं एक कार्ड त्यांनी "हाई वरातनं घोडं शे, शर्यतनं नही" म्हणून आल्या पावली परत पाठवलं.

चाचणी चालू असताना नाना बसत नाहीत. दारापर्यंत जायचं, वळायचं, पडद्याला नाक लावायचं, पुन्हा दार. त्यांच्या येरझारांनी माझं डोकं गरगरतं. बसा म्हटलं तर म्हणतात, "घोडी पळी ऱ्हायनी नि मी बठू?"

गेमही ठरलेला. त्यात माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत असतात. नाना तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. तांबडी घोडी निवडायची, नदीवर न्यायची, पाणी पाजायचं. एकदा दरोडेखोरांनी मागून येऊन नानांना ठार केलं. नाना शांतपणे म्हणाले, "मरू दे. तिनी पानी पी लिधं."

गेल्या महिन्यात आलं ते कार्ड सगळ्यांत भारी. चार दिवसांचे बारा झाले. गिऱ्हाईक दुकानात ठाण मांडून होतं आणि रविवारपर्यंत कार्ड परत हवंच, म्हणून भाचा रोज मला झापत होता. नानांचं एकच, "चाल दखी ऱ्हायनू." शेवटी शनिवारी दुपारी मी वैतागून स्क्रूड्रायव्हर घेऊनच गेलो.

पडद्यावर घोडी पाणी पीत होती. मानेवर घाम चमकत होता, माशी बसल्यासारखी कातडी थरथरत होती आणि एक कान मागे वळला होता. नाना जागेवर उभे होते. त्यांना असं स्थिर बघून मला भीतीच वाटली.

"असाच कान करे मन्ही चंद्री," ते म्हणाले.

चंद्री, नानांची घोडी, मला आठवत होती. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे नानांचं घोड्यावर बसणं सुटलं, तेव्हा त्यांनी ती खांडबाऱ्याच्या एका शेतकऱ्याला दिली. त्यानंतर तिचं नाव कधी काढलं नाही, आणि महिन्याभरात ही कार्डं सुरू झाली. मी मूर्ख, याला म्हातारपणचं खूळ समजत होतो.

"मग कार्ड पास?" मी विचारलं.

"कार्ड पास शे. घोडी नापास." त्यांनी हाकेचं बटण दाबलं. घोडी धावत आली. "आते तू दाब, मास्तर."

मी दाबलं. तशीच धावत आली.

"कोणी बी दाबो, ती पळत येस. चंद्री मन्हा आवाजबिगर हालत नव्हती."

हा दोष गेमचा, असं सांगायच्या ऐवजी मी विचारलं, "खांडबारा काय लांब आहे, नाना? भेटून का नाही आलात?"

नाना दारापर्यंत गेले, वळले, पुन्हा गेले.

"तिनी माले वळखं नही तं?"

मला फार वाईट वाटलं. मी कार्ड काढून खोक्यात भरलं.

रविवारी सकाळी खोकं घेऊन मोटारसायकल काढली, तर फाटकाशी नाना उभे. पांढरा सदरा, खिशात गुळाचा खडा. आधी शहादा, मग खांडबारा, म्हणाले. वाट अगदी उलटी होती, तरी मी गाडी सुरू केली. चंद्रीच्या परीक्षणासाठी मोबाइल घेतलाय, असं सांगितलं.

"तो ठेव खिसामा," नाना मागे बसत म्हणाले. "इतला दिवस मी सगळास्नी परीक्षा लिधी. आज तिले लेऊ दे, मन्ही."