कंट्रोलर मामांचा संघ

दिवाळीपर्यंत मी माणिकमामांच्या तिरडीला डावीकडून पुढचा खांदा देणार होतो. जागा पक्की होती. मग एका सकाळी त्यांनी मला काढून टाकलं, तेही चारचौघांत, सय्यदभाईंच्या हॉटेलात, माझ्या हातातला चहा अर्धा असताना.

"कॉलनीतील सदस्यांनी लक्ष द्यावे," मामा नाकातून म्हणाले. "सरांची डाव्या खांद्याची फेरी काही अपरिहार्य कारणामुळे रद्द करण्यात आलेली आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

माणिकमामा अर्थातच हयात आहेत. नुसते हयात नाहीत, ज्वारीच्या भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊन दुपारी झोपतात आणि उठल्यावर पुन्हा काहीतरी मागतात. पण माणसानं आपली शेवटची टीम वेळेत निवडून ठेवावी, असं त्यांचं म्हणणं. "मॅचच्या दिवशी पोरं गोळा करून जमत न्हाई, सर. आपल्या देशाचं तेच झालंय."

मामा लातूरच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. सगळी नोकरी लाउडस्पीकरसमोर गेली. चाकूरमार्गे नांदेड, उदगीरमार्गे जळकोट, असं दिवसभर ओरडून गाड्या सोडायच्या. निवृत्त झाले तेव्हा लाउडस्पीकर तिथंच राहिला, आवाज मात्र घरी आला. मामी होत्या तेव्हा जेवताना आमच्या भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "माणिकरावांच्या ताटात दुसरी भाकरी कधी लागणार, चौकशी खिडकीवर कळवावे." आणि स्वयंपाकघरातून मामींचा आवाज यायचा, "गाडी वर्कशॉपला हाय. बसा गप."

लातूरच्या माणसाला फुटबॉलचा नाद लागावा कसा, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटायचं. लहानपणी वडलांनी त्यांना एका लग्नाला हैदराबादला नेलं होतं. लग्नात जेवण आवडलं नाही म्हणून बापलेक उठून शेजारच्या मैदानावर मॅच बघायला गेले. त्या दिवसापासून मामा बिघडले. त्या काळी देशाची टीम म्हणजे निम्मी हैदराबादची, असं ते सांगतात आणि आपला मुलुखही तेव्हा नुकताच निजामाकडून आलेला, म्हणून ती टीम अर्धीमुर्धी आपलीच, असा हिशेब जोडतात. इतिहासाचा मास्तर असूनही मी या हिशेबाला कधी हात लावला नाही.

आपली टीम हरली की दुसऱ्या दिवशी हॉटेलात मामांच्या शेजारी बसायची सोय नसते. "आपल्याला समोरचे हरवत न्हाईत. निवडणारे हरवतेत," ते बशीत चहा ओततात. "एवढ्या लोकांचा देश, आन् चार डिफेंडर मिळंनात? आमच्या जळकोटच्या गाडीत जाऊन बगा म्हणावं. दारात असे उभा ऱ्हातेत, मधी जागा मोकळी असली तरी एका माणसाला आत शिरू देत न्हाईत. त्यांना कामून घेत न्हाईत?"

राष्ट्रीय संघ मामांचं ऐकत नाही, म्हणून ते आपली अक्कल गावावर चालवतात. चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, मधे एक भाऊ नमस्कार करून उभे आणि भोवती चाळीस मुंडकी, की मामा थांबून विचारतात, "ह्यातले खेळणारे किती आन् टाळ्या वाजवणारे किती?" लग्नाचा मुहूर्त टळून तास झाला आणि नवरदेव अजून डीजेपुढे घोड्यावर डुलत असला की मामा भटजींना गाठतात. "महाराज, हा वेळकाढूपणा हाय. तुमी रेफ्री हाव. नुसत्या अक्षता घेऊन काय उभा ऱ्हाता?"

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. पूर्वी टँकर दिसला की बायका हंडे घेऊन धावायच्या आणि पाण्याआधी भांडण वाहायचं. मामांनी रस्त्यावर चुन्याची रेघ मारली. टँकर थांबून पाइप सुटायच्या आत ज्याची घागर रेघेच्या पुढे, तो ऑफसाइड. त्यानं रांगेच्या शेवटी जायचं. पुरुषांना टीव्हीवर वर्षानुवर्षं न कळलेला हा नियम आमच्या कॉलनीतल्या बायकांना एका उन्हाळ्यात कळला. माझी बायको वैशाली तर आता मॅच बघताना माझ्या आधी हात वर करते.

मामी गेल्या, आणि त्यानंतर काही महिन्यांनी मामांनी स्वतःच्या अंत्ययात्रेची टीम काढली.

अकराच जण. चार खांदेकरी. एक लाकडं बघणारा, कारण ओली लाकडं देऊन फसवतात. एक नातेवाइकांना फोन करणारा, हे काम गित्ते वकिलांकडे. एक रडणाऱ्यांना पाणी देणारा. असं करत करत गोलकीपर सय्यदभाई. आमच्या भागात चिता पेटते न पेटते तोच दोनतीन पुढारी श्रद्धांजलीला उभे राहतात आणि गेलेल्याविषयी दोन वाक्यं बोलून पाइपलाइनच्या कामावर येतात. त्यांना अडवणं हे सय्यदभाईंचं काम. "एक बी भाषण आत जाऊ द्यायचं न्हाई," मामांनी बजावलं. सय्यदभाई म्हणाले, "मामू, तुम आराम से जाव. मैं हूँ ना."

निवड नुसती तोंडी नव्हती, ट्रायल झाली. मामांनी एका रविवारी दिवाण मागच्या खोलीत हलवायचाय म्हणून आम्हा चौघांना बोलावलं. आम्ही दिवाण उचलला तसे ते त्यावर चढून आडवे झाले आणि म्हणाले, "चला, फाटकापर्यंत." त्यांना घेऊन आम्ही अंगणात आलो. मामा डोळे मिटून सूचना देत होते. "सर, तुमी उजवीकडं झुकूलालाव. मी घरंगळंन." नेमक्या त्याच वेळी समोरून गित्ते वहिनी भाजी घेऊन आल्या. चार माणसांच्या हातांवर मामा बघून त्यांनी पिशवी टाकली आणि हंबरडा फोडला. मामांनी मान वर केली. "वहिनी, रडू नका. सराव सामना हाय." त्या दिवसापासून वहिनी आमच्या कुणाशी धड बोलत नाहीत.

एकदा संघात आलं म्हणजे आलं, असं मात्र नव्हतं. मामा माणसं सारखी बदलायचे. गित्ते वकिलांना दसऱ्याला काढलं. ते सोनं द्यायला आले आणि सहज विचारून बसले, "काय मामा, बाळू विसरला वाटतं आपल्याला?" मामांनी आपट्याची पानं घेतली, पाया पडू दिलं आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की वकील फोनवर फार लांबण लावतात, सबब त्यांची फेरी रद्द. मला काढलं त्या सकाळी हॉटेलात शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याचा विषय निघाला होता. मी म्हणालो, "परदेशातली पोरं म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. नुसतं बघायचं." पण मामांनी दिलेलं कारण वेगळं होतं. माझी मोटारसायकल त्यांच्या फाटकासमोर लागते म्हणे.

बाळू हा मामांचा एकुलता एक मुलगा. कॅनडात असतो. मामींचं अचानक झालं. त्याला विमान मिळेपर्यंत, ते मधे कुठंतरी थांबून पुढचं मिळेपर्यंत तीन दिवस गेले. इथं उन्हाळा होता, थांबता येणार नव्हतं. चुलत भावानं मडकं धरलं. चौथ्या दिवशी बाळू रिक्षातून उतरला, दाढी वाढलेली, पायात जाड बूट. ओसरीत बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "या पाहुणे, राख बघाय आलाव का?" दुसरा म्हणाला, "जेवूनच जा आता." चारपाच जण हसल्यासारखे झाले. बाळू उंबऱ्यावरच उभा राहिला. मामा बाजेवर बसले होते. ते काही बोलले नाहीत. मीही तिथंच होतो, मीही बोललो नाही.

म्हणून मामांच्या संघात पहिल्यापासून एक जागा रिकामी. मडकं धरून सगळ्यांच्या पुढे चालायचं असतं, ती सेंटर फॉरवर्डची जागा. ती मुलाची. तिच्याबद्दल विचारलं की मामा म्हणायचे, "त्याचा तिकडचा क्लब सोडत न्हाई." आणि विषय देशाच्या टीमवर न्यायचे.

त्या टीमबद्दल त्यांचं एक मत लोखंडी होतं. तिकडचा पासपोर्ट घेतलेली आपल्या वंशाची पोरं देशाकडून खेळवावीत का, यावर पेपरात अधूनमधून येतं. मामांना तो विषय निघालेलाही खपत नसे. "अजिबात न्हाई. जर्सी इथली पाहिजे तर पाणी इथलं प्यावं. आठ दिवसाला येणारं. पासपोर्ट त्यांचा आन् पेनल्टी आपली? हाकला." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की हॉटेलातली मांजरसुद्धा 'हाकला' म्हटलं की उठून जाते.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी मामा पेढ्यांचा पुडा घेऊन हॉटेलात आले. इस्त्रीचा सदरा घातलेला. सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवून झाल्यावर त्यांनी घसा खाकरला. आम्हाला वाटलं, आता घोषणा येणार. पण ते साध्या आवाजात बोलले, "बाळूला तिकडचं नागरिकत्व मिळालं. रात्री फोन आला होता."

सगळे पेढा जरा जास्तच वेळ चघळत राहिले. पासपोर्ट म्हटल्यावर मामा काय म्हणतात हे त्या बाकांनाही पाठ होतं. सय्यदभाईंनी उगीच स्टोव्ह मोठा केला. पण वकील ते वकील. त्यांच्यानं राहवेना.

"अभिनंदन मामा," गित्ते म्हणाले. "मग आता नियमाचं कसं?"

"कोणत्या?"

"तेच आपलं. जर्सी इथली तर पाणी इथलं."

मामांनी पुडा दोऱ्यानं बांधला. गाठ नीट बसेना, पुन्हा बांधली.

"नियम बदलाय पाहिजे," ते म्हणाले. "मी लई विचार केला वकीलसाहेब. पासपोर्ट काय, कागद हाय. पोरगं कुठं राबतंय, कुणाचं खाऊलालंय, त्याच्यावरून त्यो कुणाचा हे ठरत न्हाई. आधी बोलावलं पाहिजे. आपण बोलावणार न्हाई, आन् आला तर टाकून बोलणार, मग त्यो कशाला येईल? यायला उशीर झाला तर झाला. गाडी लेट हाय म्हणून मी कदी फेरी रद्द केली न्हाई. फलाट मोकळा ठेवला."

एरवी गित्तेंनी अशा माणसाला उलटतपासणीत घोळसलं असतं. त्यांनी फक्त मान हलवली. "बरोबर हाय मामा. बदलायलाच पाहिजे." आणि आणखी एक पेढा मागून घेतला.

घरी जाताना मामा माझ्याबरोबर चालले होते. फ्लेक्सवरची चाळीस मुंडकी आली तरी ते थांबले नाहीत, तेव्हा मला जरा काळजी वाटली.

"सर, तुमाला परत घेतलंय."

"डावा खांदा?"

"न्हाई. पुढं. मडकं."

मी थांबलो. "मामा, ती बाळूची जागा."

"हाव. त्याचीच हाय. त्यो येईपर्यंत तुमी धरा. आला की द्या त्याच्या हातात." मग जरा पुढे जाऊन म्हणाले, "घाई करू नका. कोपऱ्यावर थांबा, कुणाच्या चपला बिपला हरवल्या म्हणा. जरा वेळकाढूपणा करा."

"मामा, वेळकाढूपणाला तर तुम्ही कार्ड दाखवता."

"मी कुठनं दाखवू? मी तर वर असणार." ते हसले, मग हसायचे थांबले. "आन् तरी न्हाईच आला, तर उरका. लोकांना उन्हात ठेवू नका. दोन दिवसांनी येईल, चार दिवसांनी येईल, कवा बी येईल. फक्त त्याला कुणी बोललं न्हाई पाहिजे, सर. आईच्या वेळी लई बोलले. रिक्षातून उतरलं पोरगं, तिथंच उभा ऱ्हायलं. आन् मी बाजेवर बसून होतो. मला उठता आलं न्हाई."

मला गित्तेंचा दसरा आठवला, आणि माझं कॅलेंडर. सय्यदभाई आठवले, ज्यांनी बाळूबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता आणि ज्यांना मामांनी एकदाही बदललं नव्हतं. इतके दिवस आम्ही समजत होतो, म्हातारा स्वतःच्या तिरडीसाठी माणसं जमवतोय. मला फार वाईट वाटलं.

"मी आहे मामा," एवढंच म्हणालो. "आम्ही कुणाला बोलू देणार नाही."

"तुमी एकट्यानं जमायचं न्हाई. लोक लई असतेत," मामांनी फाटकाची कडी काढली. "तवा मी बसलेला असून उठलो न्हाई. आता तर आडवाच असणार. म्हणून अकरा जण धरलेत."

ते आत गेले. थोड्या वेळानं खिडकीतून तो नाकातला आवाज आला.

"सरांनी लक्ष द्यावे. मोटारसायकल फाटकासमोरून काढावी."

मी काढली.