आठवणींची कमाल मर्यादा

अमेरिकेतल्या शुगर लँड गावच्या आमच्या मराठी ज्येष्ठ मंडळाची सभा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये भरते. मार्चच्या सभेत देवांग नावाच्या तरुण समुपदेशकाने आम्हाला 'ड्रॉ द लाइन' हा इंग्रजी वाक्प्रचार समजावून सांगितला. आपल्याला किती चालतं ते ठरवायचं, तिथे रेघ ओढायची आणि तिच्या पलीकडच्या गोष्टीला नम्रपणे नाही म्हणायचं.

"काका, पहिल्यांदा गिल्टी वाटतं," तो म्हणाला. "मग सवय होते."

सवय चहा येईपर्यंत झाली. अध्यक्ष नरेंद्र यांनी कुणालाही एअरपोर्टला सोडण्यावर रेघ ओढली. सचिव मृणालिनीवहिनींनी चाळीस जणांच्या साबुदाण्याच्या खिचडीवर ओढली. पुरुषोत्तम यांनी जावयाच्या फोनवर ओढली. पण जावई फोनच करत नसल्यामुळे ती राखीव ठेवण्यात आली.

मी कशावरही ओढली नाही. माझी बायको सुमित्रा आदल्या नोव्हेंबरमध्ये गेली होती. मी नाही म्हणावं असं घरात कुणी उरलं नव्हतं.

एप्रिलच्या सभेत मी तिच्याबद्दल बोललो. मेमध्येही बोललो. जूनमध्ये नरेंद्र माझ्या शेजारी येऊन बसले.

"त्र्यंबकराव, गैरसमज नको. सुमित्रावहिनी आम्हाला बहिणीसारख्या. पण मागच्या वेळी तंबोला राहिला."

"किती बोललो मी?"

"एकोणीस मिनिटं. मृणालिनीने मोजली. कुठेतरी लाइन ड्रॉ करायला हवी ना, यार?"

ठराव एकमताने झाला: दिवंगतांच्या स्मरणासाठी प्रत्येक सभेत दोन मिनिटं. लगेच शंका निघाल्या, म्हणून उपसमिती नेमली. रडणं वेळेत धरावं, नाक शिंकरणं धरू नये, असं तिने सुचवलं. दिवंगताच्या हातच्या पदार्थाची आठवण 'पाककृती' या सदरात बसवता येईल, मात्र नाव घेता येणार नाही. मी सुमित्राच्या भरल्या वांग्यांबद्दल बोललो, तेव्हा इतिवृत्तात 'वांगी, कर्ता अज्ञात' अशी नोंद झाली.

ऑक्टोबर संपेपर्यंत मंडळात मला धरून असे पाच जण झाले. दोन मिनिटं प्रत्येकाला नसून सर्वांना मिळून आहेत, असा खुलासा आला. वाट्याला चोवीस सेकंद आले. नरेंद्र यांनी फोनवर टायमर लावला. त्याचा आवाज बदकाचा होता. ज्याचं दुःख सर्वांत नवं तो आधी बोलणार, आणि कुणी जास्त वेळ घेतला तर तो शेवटच्याच्या वाट्यातून कापला जाणार. शेवटचा मी होतो.

नोव्हेंबरची सभा नेमकी सुमित्राला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी आली. मला एकच गोष्ट सांगायची होती. हॉस्पिटलच्या खाटेवरून ती मला फोनवर वॉशिंग मशीन लावायला शिकवत होती, आणि मी तिच्यावर खेकसलो होतो. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. घरी सराव केला. तेवीस सेकंदांत बसत होतं.

पहिला नंबर रुपालीताईंचा. त्यांचे यजमान शैलेंद्र तीन आठवड्यांपूर्वी गेले होते.

"शैलेंद्र सकाळी गॅरेजमध्ये..." एवढं म्हणून त्या थांबल्या. पुढचं काही येईना. त्या तशाच उभ्या राहिल्या, हातात रुमाल, तोंड थोडं उघडं. बदक ओरडलं. नरेंद्र यांनी ते घाईघाईने बंद केलं आणि मृणालिनीवहिनींकडे वळून म्हणाले, "राहू दे गं. अर्धं मिनिट जास्त देऊ."

अर्धं मिनिट म्हणजे माझे सगळे सेकंद.

"रुपालीताई," मी म्हणालो, "बदक ओरडलं."

त्या खाली बसल्या. नरेंद्र यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा, त्र्यंबकरावांना रेघ ओढायला जमलं एकदाचं!"

मला माझे चोवीस सेकंद पूर्ण मिळाले. जे सांगायचं होतं ते सगळं सांगून झालं. टाळ्या पडल्या. तंबोला वेळेवर सुरू झाला.

हे वाचून तुम्ही मला नावं ठेवत असाल. ठेवा. फक्त एवढं सांगा: शेवटचं जेव्हा तुमच्यासमोर कुणी रडायला लागलं होतं, तेव्हा तुम्ही कितव्या सेकंदाला घड्याळ पाहिलंत?